सर्वेक्षणातला तिसरा रकाना

शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण निघालं की शिक्षक वह्या घेऊन बाहेर पडतात. वीटभट्टी, मजुरांचा नाका, उड्डाणपुलाखालची पालं, स्टेशनचा परिसर, बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्या. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरच्या बाविसाव्या मजल्यावर सहसा कोणी जात नाही, आणि गेलंच तर गेटवरचा रखवालदार "इथे तसलं कोणी नाही" म्हणून वाटेला लावेल. पण समजा, कोणी पोहोचलं. मंगळवारी सकाळी अकरा वाजता तिथे दहा वर्षांची मुलगी घरीच शिकते आहे आणि तिचं नाव कुठल्याच शाळेत नाही. वय सहा ते चौदा, शाळेत नाव नाही किंवा नाव असून महिनाभर सलग गैरहजर, या व्याख्येत ती नेमकी बसते. पुलाखालच्या पालात धाकट्या भावाला सांभाळत बसलेला तिच्याच वयाचा मुलगाही त्याच व्याख्येत बसतो. कागदावर दोघांत काडीचा फरक नाही.

हा फरक कागदावर यायला हवा, एवढंच इथे मांडायचं आहे. होमस्कूलिंग करणाऱ्या घरांची सरकारदरबारी नोंद व्हावी, वर्षातून एकदा त्यांचं काम बघितलं जावं आणि त्या बदल्यात आज त्यांच्या मुलांना बंद असलेली काही दारं उघडावीत. 'शाळेत आहे' आणि 'शाळाबाह्य' या दोन रकान्यांशेजारी तिसरा रकाना. पण तो मागण्याआधी घरी शिकवणं म्हणजे नेमकं काय काम असतं आणि ते कुठे फसतं, हे उघडपणे सांगायला हवं. नाहीतर नोंद कशाची करायची आणि बघायचं काय?

आजची स्थिती अशी. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. त्याचं कलम १० मुलाला शाळेत दाखल करण्याचं कर्तव्य पालकांवर टाकतं. ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा काय, हे मात्र कायद्यात कुठेच नाही. त्यामुळे घरी शिकवणारे आईवडील एकमेकांना सांगत राहतात, "काही होत नाही." आणि खरंच काही होत नाही. दुखणं तेच आहे. काही होत नाही याचा अर्थ कोणी विचारतही नाही. मूल वाचायला शिकलं का, दिवसातून एकदा तरी घराबाहेर पडतं का, त्याला कोणी मारझोड करतं का, यातलं काहीही.

'सक्ती' हा शब्द टॉवरमधल्या कानांना टोचतो. महाराष्ट्रात मात्र तो मागून घेतलेला शब्द आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मागणी केली होती. १९१७ साली शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. ही सक्ती होती गुरांमागे जाणाऱ्या, शेतावर राबणाऱ्या, पाळणा हलवणाऱ्या मुलांसाठी. बाविसाव्या मजल्यावरच्या मुलीला वाट करून देताना पुलाखालच्या मुलासाठीची ही सक्ती सैल होणार असेल, तर ती वाट नको. "आम्ही घरीच शिकवतो" हे वाक्य उद्या वीटभट्टीचा मुकादमही तोंडावर फेकेल. म्हणूनच नुसती सूट नको, नोंद हवी.

वेळ आणि जागा लवचिक करणं ठाण्याच्या भागाला नवं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम उभं केलं तेव्हा तो ठाणे जिल्हाच होता; २०१४ मध्ये पालघर वेगळा झाला. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणावर नेली आणि तिला नाव पडलं कुरणशाळा. घंटा गेली, भिंती गेल्या. शिकवणारी बाई मात्र ठरलेली होती. होमस्कूलिंगच्या उत्साहात नेमकं हेच निसटतं. लवचिक काय ठेवायचं याची यादी लांबलचक होते आणि न हलणारं काय, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आधी तास. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास आहेत, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास. म्हणजे लहानांना दिवसाचे चार तास. शाळा सोडलेल्या घरात पहिल्या सोमवारी हे चार तास आठ तासिका पाडून भिंतीवर चिकटवले जातात: मराठी, गणित, परिसर, इंग्रजी, मध्ये डबा. तिसऱ्या आठवड्यापर्यंत आई आणि मूल दोघंही रडकुंडीला आलेली असतात. कारण साधं आहे. तीस मुलांच्या वर्गात पस्तीस मिनिटांच्या तासिकेत एका मुलाच्या वाट्याला शिक्षकाचं लक्ष जेमतेम मिनिटभर येतं. बाकीचा वेळ हजेरी, रांग, वह्या, शांत बसणं आणि इतरांचं ऐकणं यात जातो. घरी तो पसारा नसतो, सगळं लक्ष एकाच मुलावर रोखलेलं असतं. तसं चार तास कोणालाच सोसत नाही. समोरासमोर बसून करायचं काम सात-आठ वर्षांच्या मुलाला दीड तास पुरतं, दहाच्या मुलाला अडीच, तेरा-चौदाच्या मुलाला साडेतीन, आणि त्यातलंही निम्मं त्याने एकट्याने करायचं असतं.

मूल शाळेतून काढलेलं असेल तर पहिले सहा ते आठ आठवडे यातलंही काही नको. शाळा अंगातून उतरायला वेळ लागतो. या दिवसांत मोठ्याने वाचून दाखवायचं, पत्ते आणि बुद्धिबळ खेळायचं, बाजारात न्यायचं आणि बघत राहायचं: मूल आपणहून कधी बसतं, कशावर रेंगाळतं, दिवसाच्या कुठल्या वेळी चिडचिडं होतं. ही निरीक्षणं लिहून ठेवली तर पुढचं वेळापत्रक अर्धं तयार असतं. उलट बाजूची चूक अशी की या आठ आठवड्यांचं बघता बघता वर्ष होतं. सुरुवात करतानाच कॅलेंडरवर शेवटच्या दिवसाला खूण केलेली बरी.

मग आखणी. वर्षाची आखणी महिन्यांनी करू नये, कारण आपले महिने सणांनी फुटतात. सहा आठवडे काम आणि सातवा मोकळा, अशा चकरा धराव्यात. सात चकरांचे ४९ आठवडे होतात. उरलेले तीन गणपती, दिवाळी आणि मे महिन्यात गावाला. सातवा आठवडा सुट्टीचा नाही, तो राहिलेलं उरकायचा, वह्या चाळायचा आणि पुढचे सहा आठवडे आखायचा. ताप, पाहुणे, लग्न, पावसात तुंबलेला रस्ता हे सगळं तोच पोटात घेतो. तो ठेवला नाही की पहिल्या आजारपणात आखणी आठ दिवस मागे पडते, मग कायमचीच मागे राहते, आणि शेवटी कोणी तिच्याकडे बघेनासं होतं.

आठवड्यात चार दिवस घरचे, शुक्रवार बाहेरचा. घरच्या चार दिवसांत तीनच खुंट्या ठोकायच्या: गणित अर्धा तास, वाचन अर्धा तास, स्वतःचं लेखन वीस मिनिटं. या रोजच्या, पाहुणे आले तरी. विज्ञान, इतिहास, भूगोल, चित्र, शिवण, कोडिंग हे सगळं या खुंट्यांवर हवं तसं टांगावं. एका चकरीत इतिहासच इतिहास आणि विज्ञान शून्य झालं तरी आभाळ कोसळत नाही. गणित सहा आठवडे बंद पडलं तर मात्र कोसळतं. लांबच्या भागाकारातली पायरी मूल पंधरा दिवसांत विसरतं आणि पुन्हा बसवायला तेवढेच दिवस जातात.

आता बेरीज करून बघू. ४२ आठवडे, चार दिवस, अडीच तास म्हणजे ४२० तास. शुक्रवारचे चार तास धरले तर १६८. झोपताना अर्धा तास वाचन, वर्षातले ३०० दिवस, १५० तास. एकूण ७३८. कायद्याच्या ८०० तासांना ६२ कमी पडतात, आणि तेवढे आजोबांबरोबर बँकेत, पोस्टात नि भाजीबाजारात सहज भरतात. मात्र खरे लिहिले तर. पोह्यांची वाटी मोजली म्हणून 'गणित, एक तास' लिहिणारी घरंही आहेत, आणि होमस्कूलिंगची निंदा करणाऱ्यांना दारूगोळा तीच पुरवतात.

लिहायचं कसं, तर दोनशे पानी वही पुरते. रंगीत छापील प्लॅनर विकत मिळतात. पहिल्या महिन्यानंतर ते कोरेच राहतात. वहीत दोन रकाने: 'ठरवलेलं' पेन्सिलने रविवारी रात्री, 'झालेलं' पेनने त्या त्या दिवशी. दोन्ही कधीच जुळत नाहीत, जुळायची गरजही नाही. कामाचा असतो तो त्यांच्यातला फरक. एखादी गोष्ट सलग तीन आठवडे पुढे ढकलली गेली, तर तीन शक्यता असतात. मुलाला ती आज झेपत नाही, किंवा आधीच येते म्हणून कंटाळा आहे, किंवा शिकवणाऱ्यालाच तिची भीती वाटते. तिसरी शक्यता लोक मान्य करत नाहीत आणि बहुतेक वेळा कारण तेच निघतं. अपूर्णांकांचा भागाकार आईला किंवा बाबांना कधीच कळलेला नसतो, म्हणून तो धडा गूढपणे दर वेळी पुढच्या चकरीत जातो.

स्वयंशिक्षण हा या चळवळीचा लाडका शब्द, आणि सगळ्यात जास्त घरं त्यावरच घसरतात. मूल आपोआप स्वतःहून शिकू लागत नाही. तेही शिकवावं लागतं, आणि जिन्याच्या पायऱ्यांनी. सातव्या वर्षी तीन कामं मोठ्यांनी ठरवायची, क्रम मुलाने. नवव्या वर्षी सकाळी दिवसाची यादी हातात द्यायची, संपेपर्यंत मागे उभं राहायचं नाही. अकराव्या वर्षी सोमवारी आठवड्याची यादी, गुरुवारी संध्याकाळी दाखवणं. तेराव्या वर्षी सहा आठवड्यांचं उद्दिष्ट मुलाने स्वतः लिहायचं आणि मोठ्यांनी फक्त दर आठवड्याला अर्धा तास विचारपूस करायची. पायरी चढवल्यावर दोन आठवड्यांत गाडी रुळावरून घसरली तर एक पायरी खाली आणायची, तीही रागावून नाही. दहाव्या वर्षी मूल शाळेतून काढलं म्हणून त्याला थेट चौथ्या पायरीवर उभं केलं की ते दिवसभर मोबाइल बघतं. त्यात दोष मुलाचा नसतो.

विचारायचा प्रश्नही बदलावा लागतो. "कळलं का?" याला "हो" हे एकच उत्तर असतं. "दाखव बघू" म्हटलं की खरं काय ते समोर येतं. गणिताची उत्तरं मुलाच्याच हातात द्यावीत, तपासणी त्याने हिरव्या पेनाने करावी आणि चुकलेलं गणित चुकांच्या वहीत पुन्हा सोडवावं, शेजारी एका ओळीत कुठे चुकलं ते लिहून. मूल उत्तरं उतरवून काढेल, ही भीती खरी आहे. बहुतेक मुलं एकदा तरी करतातच. उपाय उत्तरं लपवण्याचा नाही. दुसऱ्या दिवशी त्याच प्रकारातली दोन गणितं जेवताना तोंडी विचारायची, की उतरवण्यातला फायदा संपतो. व्हिडिओचंही तसंच. वीस मिनिटांचा व्हिडिओ बघितल्यावर स्क्रीन बंद करून पाच वाक्यं सांगता किंवा लिहिता आली, तर तो अभ्यास. नाही आली, तर ती करमणूक, आणि वहीत तशीच नोंद.

लवचिक आखणी का लागते याचं ठाण्यातलं एक उदाहरण खाडीत आहे. हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत फ्लेमिंगो येतात. खाडीचा हा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य झाला, २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने ऐरोली, तिथून रिक्षाने किनारी व सागरी जैवविविधता केंद्र. पण पक्षी चरायला उतरतात ते ओहोटीला चिखल उघडा पडल्यावर. भर भरतीला गेलं तर दिसतं नुसतं पाणी. मग कधी जायचं? कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे सकाळी नऊला चिखल उघडा हवा असेल तर भरती तीनची हवी, आणि तीनची भरती चतुर्थीच्या आसपास, शुद्ध असो की वद्य. भिंतीवर कालनिर्णय असेल तर दहा वर्षांच्या मुलीला हे स्वतः काढता येतं. पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, मात्र यायला हवी: पाऊण, दीड, सव्वादोन, तीन. शाळांनी ती कधीच सोडून दिली.

खरी गंमत पुढे आहे. पंधरा दिवसांचा तक्ता करायचा. पहिल्या रकान्यात तिथी, दुसऱ्यात पाऊणकीचं उत्तर, तिसऱ्यात मुंबईच्या भरतीची छापील वेळ. प्रतिपदेला दोन्ही जवळपास जुळतात, मग फरक वाढत जातो. पौर्णिमेला पाऊणकी सांगते सव्वाअकरा, आणि प्रत्यक्ष भरती असते बाराच्या सुमारास. का? अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत पंधरा तिथींत भरतीची वेळ बारा तास पुढे सरकते. बारा तासांची ७२० मिनिटं, भागिले पंधरा, म्हणजे ४८. पाऊण तास म्हणजे ४५. दर तिथीला तीन मिनिटांची चूक, पंधरा तिथींची पाऊण तास. नेमका गुणक पाऊण नव्हे, चार पंचमांश. मग कोळ्यांनी पाऊणच का धरला असेल? कारण पाऊणकी तोंडपाठ होती, चार पंचमांशाचा पाढा नव्हता, आणि होडी काढायला तेवढा अंदाज पुरतो. शिवाय छापील वेळ समुद्रालगतची; खाडीच्या आत ऐरोलीला भरती थोडी उशिरा पोहोचते. किती उशिरा, ते मुलीने काठावर बसून घड्याळ लावून मोजावं. काठावरूनच. खाडीच्या चिखलात उतरायचं नाही, पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि पाणी दिसतं त्यापेक्षा लवकर चढतं.

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आहे. शाळेच्या वेळापत्रकात तो येईल तेव्हा तिथी कुठली असेल, याच्याशी शाळेला देणंघेणं असूच शकत नाही. साठ मुलांची बस तिथी बघून निघत नाही. घरच्या वेळापत्रकात शुक्रवार सरकवता येतो. लवचिकतेचं समर्थन एवढंच आणि पुरेसं आहे: काही गोष्टी त्यांच्या वेळेलाच शिकता येतात. पण खाडी लांबचा भागाकार पक्का करून देत नाही. तो परतल्यावर सोमवारी वीस गणितं करूनच पक्का होतो. हे दुसरं वाक्य होमस्कूलिंगच्या व्याख्यानांत सहसा ऐकू येत नाही.

मराठीबद्दल थोडं. ठाणे-नवी मुंबईतली बरीचशी होमस्कूलिंग घरं मराठी असून शिकवण्याचं सगळं साहित्य इंग्रजी वापरतात, कारण ते तयार मिळतं. परिणाम असा की मूल घरातच राहून मराठी वाचायचं विसरतं. शाळेत निदान दुसऱ्या भाषेचा तास तरी असता. बालभारतीची सगळी पुस्तकं पीडीएफ स्वरूपात फुकट मिळतात. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे. तिथे मुलाच्या नावाने वर्गणी भरून दर शुक्रवारी पुस्तक त्याने स्वतः बदलावं. 'सत्त्याऐंशी' म्हटल्यावर ज्या मुलाला मनात भाषांतर करावं लागतं, त्याला पाऊणकी कुठून यायची?

मुलं मिसळत नाहीत, हा नेहमीचा आक्षेप अर्धा खरा आहे. चाळीस समवयस्कांत कोंबून ठेवणं म्हणजे मिसळणं नव्हे, हे ठीक. पण सोसायटीच्या पटांगणात सकाळी अकराला दुसरं मूल नसतं, आणि शाळेतून येणारी मुलं जेवून क्लासला जातात. खेळायला खरी वेळ उरते संध्याकाळी साडेसहा ते आठ. ती राखून ठेवावी लागते, शिवाय आठवड्यातून दोनदा ठरलेल्या पाच-सहा मुलांचा गट लागतो. दर वेळी नवी मुलं असलेले कार्यक्रम कामाचे नाहीत. भांडण होऊन पुन्हा त्याच मुलाशी बोलावं लागणं, हे शिक्षण ओळखीच्याच गटात मिळतं.

आणि खर्च. पुस्तकांचा खर्च किरकोळ असतो. खरा खर्च असतो घरी थांबणाऱ्या माणसाचा पगार. ठाण्याहून रोज मुंबई गाठायची तर येण्याजाण्यात दोन-अडीच तास जातात. मग कोणी थांबायचं हे ठरवताना घरात चर्चा होतच नाही, आई थांबते. 'मुलाच्या आवडीनुसार शिक्षण' याचं बिल बहुतेक घरांत एकाच बाईच्या नोकरीतून, तिच्या भविष्यनिर्वाह निधीतून आणि तिच्या झोपेतून फिटतं. निर्णय घेण्याआधी दोघांनी बसून हा आकडा कागदावर मांडावा, आणि आठवड्यातला कुठला दिवस बाबांचा, हेही त्याच कागदावर लिहावं. तेवढंही जमणार नसेल तर शाळा बरी. मुलाला पालिकेच्या शाळेत घालून संध्याकाळी तास-दीड तास त्याच्याबरोबर मन लावून बसणारी घरं पुष्कळ होमस्कूलरांपेक्षा पुढे असतात.

कागदपत्रांचा धोका बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतो. मूल शाळेतून काढताना शाळा सोडल्याचा दाखला घ्यावा, त्यावरची जन्मतारीख, जन्मस्थळ, जात यांच्या नोंदी तिथल्या तिथे तपासाव्यात आणि मूळ प्रत सांभाळावी. महाराष्ट्रात जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी शाळेच्या नोंदींवर बरीच टेकलेली असते. ज्या मुलाने शाळा कधी पाहिलीच नाही, त्याच्यासाठी जन्मदाखला आणि वडिलांकडच्या नातेवाइकांचे जुने दाखले आधीच जमवून ठेवावे लागतात. सतराव्या वर्षी प्रवेशाच्या रांगेत हे शोधत बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

परीक्षेची वाट मात्र लोक समजतात त्यापेक्षा सोपी आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेत, म्हणजे एनआयओएसमध्ये, दहावीला किमान वय १४. पाच विषय उत्तीर्ण व्हायचे, त्यासाठी पाच वर्षांत नऊ संधी, आणि विषय एकेक-दोनदोन करून देता येतात. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीला खासगीरीत्या बसायचं तर १७ नंबरचा अर्ज आहे. राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी आणि आठवीच्या पातळीच्याही परीक्षा घेतं. एनआयओएसमध्ये घोळ होतो तो दोन ठिकाणी. २० टक्के गुण घरून सोडवून द्यायच्या प्रश्नपत्रिकांना असतात, त्यांची तारीख चुकली की ते गेले. आणि विज्ञानाची प्रात्यक्षिकं अभ्यासकेंद्रावर जाऊनच करावी लागतात. एप्रिलच्या सत्राला बसलं तर निकाल आणि अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया एकमेकांच्या अंगावर येण्याची भीती असते. आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सत्रात विषय संपवलेले असले की गुणपत्रिका हातात असते.

म्हणजे चौदाव्या वर्षानंतर व्यवस्था आहे. पोकळी आहे ती सहा ते चौदाची. इंग्लंडच्या १९४४च्या शिक्षण कायद्याने ती दोन शब्दांत भरली होती: मुलाला शिक्षण द्यावं, शाळेत पाठवून 'किंवा अन्यथा'. पण आपल्याकडे नुसतं 'किंवा अन्यथा' चालणार नाही, मुकादमाचं वाक्य आठवावं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याची पद्धत अधिक जवळची आहे. तिथे पालक वर्षाच्या सुरुवातीला प्रतिज्ञापत्र देतात, वर्षभराच्या कामाची फाइल ठेवतात आणि पात्र शिक्षक ती तपासून मुलाशी बोलतो.

आपल्याकडे हे केंद्रप्रमुखाच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या एका गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, पातळीवर बसेल. जूनमध्ये पालकांनी एक पानाचा अर्ज द्यावा, ज्यात मुलाचं नाव, शिकवणारं माणूस आणि तीन खुंट्यांची वेळ असेल. एप्रिलमध्ये केंद्रशाळेत, म्हणजे त्या गटातल्या मुख्य शाळेत, मुलासह अर्धा तास. बघायचं काय? 'ठरवलेलं-झालेलं'ची वही, चुकांची वही आणि मुलाने स्वतः केलेलं एक काम, मग तो भरतीचा तक्ता असो की शिवलेली पिशवी. मुलाला अनोळखी पुस्तकातलं एक पान वाचायला द्यावं आणि त्यावर दोन प्रश्न विचारावेत. वही ताजी शिवलेली आहे की वर्षभर वापरलेली, हे कुठल्याही शिक्षकाला कोपरे बघून कळतं. केंद्रप्रमुखांवर आधीच कामाचा डोंगर आहे, हे खरं. पण एका केंद्रात अशी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असणार.

त्या बदल्यात घराला काय मिळावं? आज शिष्यवृत्ती परीक्षा, शासकीय रेखाकला परीक्षा, जिल्ह्याच्या शालेय क्रीडा स्पर्धा या सगळ्यांना शाळेमार्फतच जावं लागतं. उत्तम पोहणारी मुलगी केवळ शाळेचा शिक्का नाही म्हणून काठावर उभी राहते. नोंद झालेल्या मुलाला केंद्रशाळेच्या नावाने या परीक्षा-स्पर्धांना बसू द्यावं. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा आणि मैदान त्याला उघडं असावं, आणि हवं तर त्याच गावातल्या शाळाबाह्य मुलांनाही.

आणि एप्रिलमध्ये मूल वाचू शकलं नाही तर? एक चकरी मुदत द्यावी, सात आठवडे. तरीही नाही जमलं तर शाळा. त्यासाठी नवं काही लिहायला नको. कलम ४ नुसार अशा मुलाला वयानुसार योग्य त्या वर्गात बसवता येतं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण मागता येतं. कलम १५ नुसार वर्ष सुरू झालं म्हणून शाळेला दार लावून घेता येत नाही. पुलाखालच्या मुलासाठी लिहिलेली ही दोन्ही कलमं बाविसाव्या मजल्यालाही तशीच लागू आहेत.